सहा फूट बाजूला

खानदेशातल्या एका गावात दोन भाऊ राहत होते. वडील गेल्यावर शेताची वाटणी झाली, घराची झाली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्याही ठरल्या. शेवटी उरलं ते गोदाम. गावाच्या कडेला, पत्र्याच्या छपराचं, कापूस भरून ठेवायला वडिलांनी बांधलेलं. पंचांनी त्याच्या मधोमध चुन्याची रेघ ओढली. डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची.

धाकट्याच्या बाजूला थोरल्याचा ट्रेलर उभा होता. चार चाकांचा, उंच फळ्यांचा, ताडपत्रीनं झाकलेला. तो उभा केला तेव्हा गोदामाला समोरून भिंत नव्हती. पुढं वारा-पाऊस आत येऊ लागला म्हणून वडिलांनी भिंत घातली आणि दार मधोमध ठेवलं. ट्रेलर कोपऱ्यात अडकला. मागं भिंत, पुढं भिंत. दांड्याचं टोक आणि समोरची भिंत यांच्यात हातभर जागा. दारासमोर यायचं तर त्याला सहा फूट डावीकडे सरकायला हवं होतं, तेही आडवं.

धाकटा बरीच वर्षं पुण्याला कारखान्यात होता. आता गावी परतला होता. त्याला आपल्या बाजूला ठिबकच्या नळ्यांचं दुकान काढायचं होतं. तो थोरल्याला म्हणाला, “भाऊ, तुझा ट्रेलर काढून घे.”

थोरला म्हणाला, “कसा काढू? चाकं आडवी चालतात का?”

महिना गेला. धाकट्यानं पुन्हा सांगितलं. थोरल्यानं पुन्हा तेच उत्तर दिलं. धाकट्याच्या मनात जुनी गोष्ट होती. ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर थोरल्यानं कधीच विकला होता. त्याचे पैसे कुठं गेले, हे धाकट्यानं कधी विचारलं नव्हतं, पण विसरलाही नव्हता. त्याला वाटलं, ट्रॅक्टर गिळला, आता जागाही गिळायची आहे.

एका सकाळी तो दुसऱ्याचा ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रेलरच्या मागच्या आसाला साखळी बांधली आणि डाव्या बाजूनं ओढायला सांगितलं. साखळी ताणली. चाकं फिरली नाहीत, जागच्या जागी कोब्यावर घासली. एक टायर रिंगेतून निसटायला आला. ट्रेलर एका अंगाला कलला, फळ्या करकरल्या आणि कुठंतरी लोखंड कण्हलं. ट्रॅक्टरवाला घाबरून थांबला. म्हणाला, “आणखी ओढलं तर आस वाकेल, नाहीतर हा उलटेल.”

थोरला दारात उभा होता. तो एवढंच म्हणाला, “मोडायचाच असेल तर मोड.” आणि निघून गेला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

गावात एक म्हातारा होता. सगळे त्याला आबा म्हणत. तरुणपणी तो जळगावात राहिला होता आणि तिथल्या श्रीरामाच्या रथाला मोगरी लावत होता. कार्तिकी एकादशीला निघणारा तो रथ १८७२ पासून चालत आलेला. भलामोठा लाकडी रथ, पण त्याला ना सुकाणू ना ब्रेक. लोक दोरानं ओढतात, आणि मोगरी लावणारे चाकाखाली लाकडाची मोगरी घालून त्याला वळवतात, थांबवतात. चुकीच्या चाकाखाली गेली तर रथ भलतीकडे जातो. उशिरा गेली तर माणसांवर जातो. आबाचे हात त्या कामात तयार झाले होते.

धाकटा आबाकडे गेला. आबानं गोदामात येऊन ट्रेलरभोवती एक फेरी मारली. खाली वाकून आस बघितला, टायर दाबून बघितले. मग विचारलं, “यात भरलंय काय?”

“ठाऊक नाही,” धाकटा म्हणाला. “भाऊचं काहीतरी असेल.”

“मग भावाला बोलव. भरलेला ट्रेलर कुणी आडवा सरकवत नाही.”

आबाचा शब्द मोडायची सोय नव्हती. थोरला आला. ताडपत्री काढली. आत वडिलांनी जमवलेलं सगळं होतं. जुन्या मोटेची चाकं, पाभर, दगड झालेल्या सिमेंटच्या गोण्या, गंजके पत्रे आणि सगळ्यात खाली सागाचे वासे. धाकट्यानं एक वासा धरला आणि विचारलं, “हे कुणाचे?”

आबा म्हणाला, “ते नंतर ठरवा. आत्ता खाली ठेवा.”

दोघांनी उतरवायला सुरुवात केली. लहान वस्तू एकेकट्यानं उचलल्या. गोण्या आणि वासे एकट्याला उचलत नव्हते. एका टोकाला थोरला लागला, दुसऱ्या टोकाला धाकटा. बोलणं बंद होतं, तरी ‘धर’, ‘सोड’, ‘हळू’ एवढं बोलावंच लागलं. दुपारपर्यंत ट्रेलर रिकामा झाला.

आबानं पाणी मागवलं. तिघं सावलीत बसले. आबानं थोरल्याला सहज विचारलं, “इतकी वर्षं हा असाच का ठेवलास रे? विकून टाकायचास.”

थोरला बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आबा, २०१७ ला गुलाबी बोंडअळी आली, आठवतं ना? बोंडं उघडली की आत किडका कापूस निघत होता. सोसायटीचं कर्ज बाबांच्या नावावर होतं. ट्रॅक्टर विकून ते फेडलं. बाबा म्हणाले, धाकट्याला कळवू नको, त्याची नोकरी नवी आहे, जीवाला घोर लावून घेईल. मग नाही कळवलं. ट्रेलर विकायला काढला असता तर गावानं विचारलं असतं, ट्रॅक्टर कुठाय. बाबांना ते ऐकवलं नसतं. म्हणून राहू दिला.”

धाकट्यानं तांब्या खाली ठेवला. तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं उठला आणि आबाला म्हणाला, “पुढं काय करायचं ते सांगा.”

आबानं लोखंडाच्या दोन लांब, रुंद चॅनेल आणवल्या. ट्रेलरच्या रुंदीपेक्षा सहज लांब. दोन इंची जाड पाइपचे तुकडे आणवले, दोन बाटली जॅक आणवले, लाकडाचे ठोकळे आणवले. आधी पुढच्या चाकांना दोन्हीकडून मोगऱ्या लावल्या. मग मागच्या आसाखाली, दोन्ही चाकांच्या आतल्या अंगाला, एकेक जॅक ठेवला. जॅकच्या बुडाखाली जाड फळी दिली, कारण कोबा तडकला तर जॅक घसरतो.

“डावा जॅक थोरल्यानं मारायचा, उजवा धाकट्यानं,” आबा म्हणाला. “मी म्हणेन तेवढाच. ओझं वर आहे तोवर हात-पाय खाली घालायचे नाहीत. जितकं उचललं तितका ठोकळा लगेच द्यायचा.”

धाकट्याला घाई होती. त्यानं दांडा भराभर मारला. उजवी बाजू बोटभर वर गेली आणि डावा जॅक तिरका होऊ लागला.

“थांब!” आबा ओरडला. “तू जास्त उचललंस की सगळं ओझं त्याच्यावर कलतं. त्याच्याकडे बघ आणि उचल.”

धाकट्यानं जॅक थोडा उतरवला. मग दोघं एकमेकांच्या हाताकडे बघत दांडा मारू लागले. एकानं मारला की दुसऱ्यानं मारायचा. ट्रेलरचं मागचं अंग समपातळीत वर आलं. मागच्या दोन्ही चाकांखाली एक चॅनेल आडवी सरकवली, तिच्याखाली पाइप दिले आणि ओझं हळूहळू त्यावर उतरवलं. आता मागच्या चाकांना मोगऱ्या लागल्या, आणि पुढच्या चाकांखालीही तसंच झालं. ट्रेलरचं एकही चाक आता जमिनीला टेकत नव्हतं.

आबानं दोघांच्या हातात एकेक पहार दिली. “आता चॅनेलच्या टोकाला लावा. एक पुढं, एक मागं. हिसका द्यायचा नाही, नुसता नेट लावायचा.”

पाइप कुरकुरले आणि फिरले. जो ट्रेलर ट्रॅक्टरला हलला नव्हता, तो दोन माणसांच्या पहारीनं वीतभर सरकला. मागं सुटलेले पाइप काढून पुढं ठेवायचे, पुन्हा नेट लावायचा. एकदा पाइप तिरका पडला, तसा ट्रेलर भिंतीकडे वळू लागला. आबानं हातोडीनं पाइपाच्या टोकाला दोन टोले दिले. पाइप सरळ झाला, ट्रेलरही सरळ झाला. एकदा पुढचं अंग जास्त गेलं, तेव्हा पुढच्यानं थांबून मागच्याची वाट बघितली.

दिवस मावळायच्या आत ट्रेलर दारासमोर आला. चॅनेल आणि पाइप काढून घेताना दोघांनी तो जसा उचलला तसाच, सारखा, खाली उतरवला. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर लावला आणि ट्रेलर आपल्या चाकांवर सरळ बाहेर आला.

धाकट्यानं दुकान काढलं. चुन्याची रेघ तशीच राहिली, वाटणीही तशीच राहिली. वाशांचं काय करायचं ते दोघांनी एका बैठकीत ठरवलं, पंचांना बोलवावं लागलं नाही. आणि नळ्या शेतांवर पोहोचवायला धाकट्यानं भाड्यानं घेतला तो थोरल्याचाच ट्रेलर.

कुणीतरी आबाला विचारलं, “एवढा जड ट्रेलर तुम्ही हलवलात कसा?”

आबा म्हणाला, “मी कुठं हलवला? त्याच्या अंगावरचं ओझं आधी उतरवलं. मग त्याला जमिनीपासून वीतभर उचललं. मग तो आपणच सरकला.”

आपल्यापैकी प्रत्येकजण कधी ना कधी असा अडकून बसतो. पुढं भिंत, मागं भिंत, आणि बाजूला सरकायची चाकांना सवय नाही. अशा माणसाला लोक साखळी बांधून ओढतात, आणि तो हलला नाही की हट्टी म्हणतात. त्याच्या ताडपत्रीखाली काय भरलंय, हे कुणी विचारत नाही. ज्यानं आपल्यासाठी जागा करावी असं वाटतं, त्याला आधी विचारावं, त्याच्याबरोबर बसून त्याचं ओझं उतरवावं, आणि त्याला उचलताना आपला हात त्याच्या हाताच्या पुढं जाऊ देऊ नये. एवढं केलं तर बहुतेक माणसं सरकतात. ओढाओढीनं जे मोडलं असतं, ते यानं कामाला येतं.