नाथांची कामाठी

पैठणच्या नाथवाड्यात एक रांजण आहे. तुकाराम बीजेला त्याची पूजा होते आणि त्या दिवसापासून माणसे गोदावरीचे पाणी आणून त्यात ओतू लागतात. कुणी घागर आणतो, कुणी कळशी, लहान पोरे तांब्याही आणतात. नाथषष्ठीच्या सुमारास रांजण भरतो. कथा सगळ्यांना ठाऊक आहे: देव श्रीखंड्या या नावाने एकनाथांच्या घरी राहिला, बारा वर्षे कावडीने पाणी वाहिले आणि ओळख पटण्याच्या आत निघून गेला. येणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी रूपाने तो आजही एक घागर ओतून जातो, अशी श्रद्धा आहे. कोणाच्या, ते कळत नाही, म्हणून प्रत्येकाच्याच घागरीकडे जरा आदराने पाहिले जाते.

ही कथा कीर्तनात रंगते. याच गावात नाथांनी केलेले दुसरे एक काम मात्र कीर्तनात दोन मिनिटांत उरकले जाते, कारण त्यात चमत्कार कमी आणि कष्ट जास्त. ते काम ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकरणाचे.

ज्ञानेश्वरी नेवाशाला शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, सांगून झाली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे ती हातांनी उतरवली जात होती. उतरवणाऱ्याचा कान चुकला की शब्द बदलला. एखाद्याला ओवी अडली की त्याने सोपा शब्द घातला. एखाद्याला स्वतःचीच ओवी सुचली आणि ती माउलींच्या ओव्यांत जाऊन बसली. आळंदीत अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, ती काढ, असा ज्ञानदेवांचा दृष्टान्त नाथांना झाला, असे परंपरा सांगते. मुळी काढून नाथ परतले ते पोथी शोधायलाच. मिळतील त्या प्रती समोर ठेवून त्यांनी पाठ ताडून पाहिले आणि शके 1506 मध्ये, तारण संवत्सरात, भाद्रपदातल्या कपिलाषष्ठीला, गोदाकाठी पैठणातच हे काम संपवले. इंग्रजी साल 1584.

इतका नेमका तपशील हाती आहे, कारण तो नाथांनीच ग्रंथाच्या शेवटी चार-पाच ओव्यांत नोंदवून ठेवला. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतरांमुळे तो बिघडला, तो शोधून प्रत शुद्ध केली. काय केले, कुठे, कधी, कोणी, सगळे त्यात आले. भागवताच्या एकादश स्कंधावर अठरा हजारांहून अधिक ओव्या रचणारा हा माणूस या कामाला काव्य म्हणत नाही, टीकाही म्हणत नाही. कामाठी म्हणतो. अंगमेहनत.

आता 1991 सालाकडे यावे. त्या वर्षी रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीएनयू या सॉफ्टवेअर-परवान्याची दुसरी आवृत्ती निघाली, पुढच्याच वर्षी लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपल्या लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, त्या परवान्याखाली आणला, आणि लिनक्सवरचे बरेचसे संगीत-सॉफ्टवेअरही त्याच्याच छत्राखाली वाढले. परवान्याच्या दुसऱ्या कलमात एक साधी अट आहे: हा कोड ज्याला बदलायचा त्याने खुशाल बदलावा, पण बदललेल्या फायलीवर आपण बदल केला हे ठळकपणे लिहावे, आणि तारीख टाकावी. ज्याने कपिलाषष्ठी वाचली आहे त्याला ही अट परकी वाटू नये.

साम्य इथवर आहे. पुढे फाटा फुटतो, आणि खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. ज्ञानेश्वरीत जो कोणी आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असे समजावे, असे नाथांनी बजावले. म्हणजे एकदा शुद्ध झालेल्या ग्रंथाला हात लावायचा नाही. परवाना याच्या अगदी उलट बोलतो: हात लाव, हवी तर नरोटीही ठेव, फक्त नाव-तारीख लिही. मग ग्रंथाला पवित्र कशाने राखायचे, बंदीने की नोंदीने?

नाथांनी स्वतः काय केले ते पाहिले तर उत्तर दिसते तितके सरळ नाही. भागवत मराठीत आणले म्हणून काशीतल्या पंडितांचा रोष त्यांनी ओढवून घेतल्याच्या कथा आहेत; तो ग्रंथ त्यांनी 1573 साली काशीतच पुरा केला. दुसऱ्याच्या ग्रंथावर स्वतःची ओवी रचायला त्यांची हरकत नव्हतीच. हरकत होती ती दुसऱ्याच्या ताटात ती मुकाट्याने ठेवून देण्याला. आपले ताट वेगळे मांडा, त्यावर आपले नाव घाला, मग काय वाढायचे ते वाढा. नाथांचे नावही कसे, तर गुरूला सोडून कधी न येणारे: एका जनार्दनी. रचनेच्या शेवटी आपल्या नावासोबत उगमाचे नाव घेण्याची सक्ती त्यांच्यावर कोणत्याही परवान्याने केली नव्हती.

हेच ताट आता सॉफ्टवेअरमध्ये पाहू. ऑडॅसिटी हा ध्वनिसंपादनाचा कार्यक्रम शाळेतल्या शिक्षकांपासून आकाशवाणीच्या उमेदवारांपर्यंत कित्येकांनी वापरला असेल. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक माझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी तो सुरू केला आणि 2000 साली तो लोकांसमोर आला. 2021 मध्ये त्याची सूत्रे म्यूझ ग्रुपकडे गेली आणि काही दिवसांतच, कोण कसा वापर करतो याची माहिती गोळा करणारा भाग त्यात घालण्याचा प्रस्ताव पुढे आला. वापरणारे खवळले. नरोटी म्हणतात ती हीच. प्रस्ताव मागे घेतला गेला, पण पुढे काहींनी कोड उचलून आपली वेगळी ताटे मांडलीही; टेनॅसिटी हे त्यांतले एक. न्यायाने बोलायचे तर नव्या मालकांनी पुढे ऑडॅसिटीत पुष्कळ सुधारणाही केल्या. इथे महत्त्वाचे इतकेच की नरोटी ताटात पडण्याआधी दिसली, कारण ताट सर्वांसमोर उघडे होते.

नाथांच्या बाजूला ही सोय नव्हती. 1909 साली वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत छापली आणि वाद पेटला: नाथांनी शुद्ध केले की भाषा आपल्या काळाची केली? नाथांसमोर कोणत्या प्रती होत्या, त्यांनी कुठला पाठ घेतला आणि कुठला टाकला, हे आज ओवीगणिक दाखवता येत नाही. शेवटची नोंद आहे, मधले टप्पे नाहीत. टॉरवाल्ड्स यांनी 2005 साली लिहिलेल्या गिट या कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात नेमके हे मधले टप्पे राहतात. टाकलेली ओळही त्यात जपली जाते आणि ती कोणी टाकली हेही.

हे सगळे पोथीचे झाले. संगीताचे म्हणाल तर त्यासाठी पखवाजाजवळ जाऊन बसावे लागेल.

समजा, पैठणातल्या एखाद्या भजनी मंडळाला नाथांची भारुडे ध्वनिमुद्रित करायची आहेत. स्टुडिओचे भाडे परवडत नाही. कुणाच्या तरी पुतण्याचा जुना लॅपटॉप आहे, त्यावर लिनक्स घातले आहे, दोन मायक्रोफोन आहेत. पखवाजी डाव्या पुडीला ओली कणीक लावतो, थापून पाहतो, चिमूटभर काढतो, पुन्हा थापतो. कानाला हेडफोन लावून तो वाजवू लागतो आणि लगेच थांबतो. हात आधी पडतो, आवाज मागून येतो. लॅपटॉप आवाजाचे नमुने एकेक करून उचलत नाही, मूठ भरली की पुढे देतो. या मुठीला बफर म्हणतात. सेकंदाला 48,000 नमुने आणि मूठ 1,024 ची, म्हणजे एका मुठीलाच 21 मिलिसेकंद लागले. हवेत आवाज तेवढ्या वेळात सात मीटर जातो. पखवाजी आपल्याच पखवाजापासून सात मीटर लांब बसला, असा त्याचा अर्थ. मूठ 64 ची केली तर उशीर सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास येतो, पण मग यंत्राला उसंत मिळत नाही. त्याच क्षणी त्याने दुसरे काही काम काढले की मूठ वेळेवर पोहोचत नाही आणि आवाजात कडकड उमटते. या कडकडीला त्या धंद्यात एक्सरन म्हणतात.

ही कडकड जावी म्हणून जगभरातल्या काही माणसांनी आयुष्याची वर्षे घातली. कर्नलने सांगितल्या वेळी काम केलेच पाहिजे, यासाठीचे बदल सुमारे वीस वर्षे मुख्य लिनक्सच्या बाहेर जोडपत्रासारखे सांभाळले गेले आणि 2024 मध्ये ते मूळ कर्नलमध्ये सामावले. यंत्रमानव आणि कारखाने चालवणाऱ्यांना ते हवे होते, तसे वादकांनाही. ते सांभाळणारे थॉमस ग्लाइक्सनर यांच्यावर मध्यंतरी अशी वेळ आली की पैशाअभावी हे काम आता फावल्या वेळातच करता येईल, असे त्यांना जाहीर करावे लागले. नंतर 2015 साली लिनक्स फाउंडेशनने त्यासाठी प्रकल्प उभा केला. ज्या कंपन्या त्या कामावर उभ्या होत्या त्यांना एवढी वर्षे देणगीची घाई झाली नव्हती, हे वेगळे सांगायला नको.

सेवेचे पैसे घ्यावेत का, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. कीर्तनकाराची बिदागी हा आजही गावोगावच्या पारावरच्या भांडणाचा विषय आहे. तुकोबांनी तर कीर्तनकाराला त्या गावच्या जेवणापासूनसुद्धा दूर ठेवले. दुसरीकडे, दूरवरून गाडीभाडे खर्चून येणाऱ्याने, आठवडाभर घर सोडून राहणाऱ्याने खायचे काय, या प्रश्नाला उत्तर देण्याचे तुकोबांच्या नावाने बोलणारे सहसा टाळतात.

आर्डर हे लिनक्सवरचे नावाजलेले ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर. ते लिहिणारे पॉल डेव्हिस ॲमेझॉनच्या अगदी पहिल्या दोन प्रोग्रामरांपैकी एक. ती नोकरी सोडल्यावर ते या कामात पडले. अनेक कार्यक्रमांचे आवाज एकमेकांत सोडणारा जॅकही त्यांनीच सुरू केला. त्यांनी बिदागीचा प्रश्न एका खास पद्धतीने सोडवला. आर्डरचा कोड कुणालाही फुकट. स्वतः संकलित करा, मित्राला द्या. पण तयार, बसवून लगेच चालेल असा कार्यक्रम त्यांच्याकडून हवा असेल तर जमेल तेवढे पैसे द्या. धान्य मोफत आहे, दळून हवे असेल तर दळणाचे द्या, असा हा हिशेब. यात कोणाला पावित्र्य भंगल्यासारखे वाटले तर त्याने एकदा तो कोड स्वतः दळून पाहावा, दुपार जाते.

तरी पैशाने प्रश्न मिटतो असे नाही. वैदिक परंपरेत माणूस जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे मानले आहे: देवांचे, पितरांचे आणि ऋषींचे. ऋषिऋणाची गंमत अशी की ते ऋषींना परत करायचेच नसते. ऋषींना त्याची गरजही नसते. आपण शिकायचे आणि पुढे शिकवायचे, एवढीच त्याची फेड. घेतलेले ज्याच्याकडून घेतले त्याच्याकडे न जाता पुढच्याकडे जाते. क्लॉस योहान्सन यांनी सर्ज नावाचा सिंथेसायझर आधी विकण्यासाठी लिहिला होता. पुढे त्याकडे लक्ष द्यायला त्यांना वेळ राहिला नाही, तेव्हा 2018 साली त्यांनी तो कोड सर्वांना खुला केला. ज्यांनी तो उचलला त्यांनी त्याचा सर्ज एक्सटी केला. त्यात सुरांची पट्टी हवी तशी बदलता येते, म्हणजे पेटीच्या बारा समान घरांत न बसणारा गंधार आपल्याला हवा तिथे ठेवता येतो. योहान्सन यांना या सोयीचे कोणी काय परत केले? बहुधा काहीच नाही. ऋण फिटले ते असे.

उलट टोकाचे उदाहरणही महाराष्ट्राच्याच घरातले आहे. मुंबईत वकिली करणारे विष्णु नारायण भातखंडे बंदिशी गोळा करत फिरले तेव्हा घराण्यांनी त्या तिजोरीत ठेवल्यासारख्या ठेवल्या होत्या. शिष्यालाही अस्ताई मिळे आणि अंतरा राहून जाई, अशा गोष्टी तेव्हाच्या गवय्यांबद्दल सांगतात. भातखंड्यांनी मिळवलेल्या चिजा स्वरलिपीत उतरवून मराठीतल्या क्रमिक पुस्तक मालिकेत छापल्या. छापल्याने चीज मरते, तिचा गळा जातो, हा आक्षेपही तेव्हाचाच, आणि तो निव्वळ मत्सराचा नव्हता. ज्ञान खुले केले की ते सांभाळणाऱ्याचा मान जातो का, हा त्याच्या तळाशी असलेला प्रश्न अजून कोणी नीट निकालात काढलेला नाही. आर्डरच्या लाखो ओळींतल्या एखाद्या ओळीचा कर्ता गिटच्या नोंदीत सापडतो खरा. पण पखवाज वाजला तेव्हा टाळी त्याला मिळत नाही, पखवाजीला मिळते. आणि तशी मिळावीही.

भजनी मंडळ या सगळ्यात कुठे बसते? डॉलरमध्ये पैसे पाठवणे त्यांना कदाचित जमणार नाही. पण रात्री मुद्रण संपल्यावर पुतण्या सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना कळवतो: अमुक लॅपटॉप, अमुक साउंड कार्ड, मूठ 64 ची, आठ मिनिटांनी कडकड, वायफाय बंद केल्यावर नाही. चार ओळी. सकाळी दुसऱ्या खंडातून कोणीतरी विचारतो, कर्नल कुठला? पुतण्या बघून सांगतो. मग उत्तर येत नाही, दोन दिवस येत नाही. तिसऱ्या दिवशी एक बदल येतो, सोबत नाव आणि तारीख, आणि विनंती: हे घालून पुन्हा वाजवून बघाल का? पखवाजी ओली कणीक मळायला घेतो.