अल्बममधला तो दिवस

मे महिन्यात कौले शाकारायला माणसे आली, म्हणून आम्हाला माळा रिकामा करावा लागला. पत्र्याच्या एका पेटीत जुना अल्बम सापडला. चिकट पाने आणि वर प्लास्टिकचा कागद, असे अल्बम त्या काळी मिळत. एका पानावर आईच्या अक्षरात लिहिले होते, ‘एस्सेलवर्ल्ड, मे १९९४’.

आपल्या धर्मग्रामात असे पान नसलेली घरे थोडीच असतील. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि मुलांच्या सुट्टीला एक नवे ठिकाण मिळाले. पहाटे गाडी पकडायची, बोरिवलीला उतरायचे, बसने गोराईच्या खाडीपर्यंत जायचे आणि मग लाँच. आम्ही जेट्टीवर बसून उकडलेली अंडी आणि चपात्या खाल्ल्या होत्या, आणि खरे सांगायचे तर मला पाळण्यांपेक्षा ती अंडीच जास्त आठवतात.

संध्याकाळी ताई आणि धाकटा भाऊ आले. अल्बम मध्ये ठेवून आम्ही बसलो. ताई म्हणाली, “आपल्या लहानपणातला सर्वांत सुंदर दिवस!” भावाने एक फोटो पाहिला, अल्बम माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, “मला त्या दिवशीची पप्पांची थप्पड तेवढी आठवते.”

थप्पड खरी होती. परतीची तिकिटे ठेवलेली छोटी पिशवी त्याच्याकडे सांभाळायला दिली होती आणि तो ती बाकावर विसरला. पिशवी सापडली, पण त्याआधी भर गर्दीत त्याच्या गालावर पाच बोटे उमटली होती. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. पप्पांना जाऊन आता बारा वर्षे झाली, तरी ती थप्पड त्याच्या गालावरून गेलेली नाही.

मग खरा दिवस कोणता? ताईचा की भावाचा?

पप्पांच्या कॅमेऱ्यात ३६ फोटोंचा रोल असे. रोलला पैसे पडत, धुवायला पडत, छापायला पडत. म्हणून ते प्रत्येक फोटो मोजून काढत आणि रडणाऱ्या पोरावर कोणी फोटो वाया घालवत नसे. सर्वांनी केस नीट करायचे, हसायचे, मग खटका. कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या शंभराव्या भागापुरती उघडते असे धरले, तर ३६ फोटोंचा मिळून अर्धा सेकंदही भरत नाही. सकाळी सहा ते रात्री नऊपर्यंतच्या त्या दिवसातला अर्धा सेकंद आम्ही माळ्यावर जपून ठेवला होता, आणि ताई त्यालाच दिवस म्हणत होती.

हे आपल्याच घरी होते असे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी, रविवारी, डिस्नेलँड उघडले. तिथे काढलेले त्या सुरुवातीच्या वर्षांचे कौटुंबिक फोटो तिकडचे लोक आजही हळवे होऊन पाहतात. पण तो पहिला दिवस कसा होता? खोटे पास घेऊन हजारो जास्तीची माणसे आत शिरली. ऊन इतके कडक होते की नव्याने केलेले डांबर मऊ पडून बायकांच्या चपलांच्या टाचा त्यात रुतल्या. नळकामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरे पडले नाहीत. तिथल्या कामगारांनी पुढे त्या दिवसाला ‘काळा रविवार’ असे नाव ठेवले. अल्बममध्ये मात्र तहान दिसत नाही. पुढे तर कोडॅक कंपनीने फोटो कुठून चांगला येईल हे सांगणाऱ्या पाट्याच बागेत लावल्या. म्हणजे काय आठवायचे, हेसुद्धा आधी ठरलेले!

इजिप्तमधून सुटलेले इस्राएली लोक रानात काय म्हणून रडले, हे आपण गणना या पुस्तकात वाचतो. त्यांना तिथली मासळी, काकड्या, कांदे आणि लसूण आठवली. पाठीवरचे फटके आठवले नाहीत. गोड आठवण अशी अर्धवट असते, आणि तिच्या नादाने आपण हातातल्या मान्न्याला नाक मुरडतो. “आमच्या वेळी कुटुंबात किती प्रेम होते” असे मुलांना ऐकवताना, आपण त्यांच्याकडून न घडलेल्या गोष्टीचा हिशेब मागत असतो.

इथपर्यंत माझा कौल भावाच्या बाजूने होता. पण नंतर मनात आले की, थप्पड हाही एक फोटोच नाही का? तीसुद्धा क्षणाचीच. पप्पांना त्या एका क्षणात आपण पकडले आणि चौकटीबाहेर कधी येऊच दिले नाही. ताईने अर्धा सेकंद जपला, भावाने त्याहून कमी. गोड आठवणींना आपण भाबडेपणा म्हणतो आणि कडू आठवणींना सत्य, हे कोणत्या न्यायाने? कडू आठवण जास्त दुखते म्हणून ती जास्त खरी ठरत नाही. अर्थात, हे ज्याच्या गालावर बसली नाही त्याने बोलणे सोपे आहे, हे मला मान्य आहे. मुलाला भर गर्दीत मारणे चूकच होते, आणि मेलेल्या माणसाची चूक झाकली म्हणजे त्याचा मान राहिला, असेही मला वाटत नाही.

आई दाराशी उभी राहून ऐकत होती. आम्हाला वाटले, तिला वाईट वाटेल. ती एवढेच म्हणाली, “मारले होते खरे. रात्रभर झोपले नाहीत. त्या सहलीसाठी दोन महिने ओव्हरटाइम केला होता त्यांनी, तुम्हाला कुठे माहीत!”

कोणी काही बोलले नाही. मी पुन्हा पाने उलटू लागलो. पप्पा एकाही फोटोत नव्हते, कारण कॅमेरा त्यांच्याच हातात असे. त्यांच्या पुण्यस्मरणासाठी फोटो लागला तेव्हाही आम्हाला त्यांच्या कंपनीच्या ओळखपत्रावरचा वाढवून घ्यावा लागला होता. पण त्या काळी फोटो काढणाऱ्याने सूर्य पाठीशी घ्यावा असे शिकवत, आणि पप्पा शिकवलेले पाळणारे होते. त्यामुळे दुपारनंतरच्या पाच-सहा फोटोंत खाली जमिनीवर त्यांची लांब सावली पडली आहे. इतकी वर्षे आम्ही ती पाहिलीच नव्हती.

शेवटून दुसऱ्या फोटोत भाऊ एकटा आहे, लाँचच्या रांगेजवळ. डोळे सुजलेले, नाक लाल, आणि तरीही हसतो आहे. त्याच्या पायांशी सावली आहे. सावलीचा एक हात डोक्याजवळ कॅमेरा धरून आहे आणि दुसरा हात कानाशी, बोटे पसरलेली, मुलाला हसवण्यासाठी गाढवाचा कान करतात तशी.

भाऊ तो फोटो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने तो काढायचा प्रयत्न केला. पण चिकट पानांवरचे फोटो सहज सुटत नाहीत. मी ब्लेड आणून दिले. एक कोपरा फाटला, तरी त्याने तो खिशात घातला आणि घरी नेला.