अक्षर आणि त्याचा कर्ता

'अक्षर' म्हणजे जे क्षरत नाही, झिजत नाही, ते. गीतेच्या आठव्या अध्यायात हा शब्द परब्रह्मासाठी योजला आहे, पण अक्षर घडवणारा हात नश्वर असल्याने कर्तृत्वाचा, म्हणजे 'हे केले' या अभिमानाचा, प्रश्न तेथेच उभा राहतो. पवईच्या आयआयटीत 1969 साली सुरू झालेल्या आयडीसी या अभिकल्प-विद्यालयाचे विद्यार्थी उदय कुमार यांनी देवनागरी 'र' आणि दंडविरहित रोमन 'आर' यांच्या मेळातून रेखाटलेले रुपयाचे चिन्ह केंद्र सरकारने 15 जुलै 2010 रोजी स्वीकारले. तेथेच अध्यापन केलेल्या र. कृ. जोशी यांचा 'मंगल' हा टंक, म्हणजे संगणकीय अक्षरसंच, आजही पडद्यांवर वाचला जातो, मात्र वाचकाला कर्ता क्वचितच ठाऊक असतो. हे विस्मरण अन्याय की निष्काम कर्माची, म्हणजे फलाची आसक्ती सोडलेल्या कृतीची, परिणती? कर्नाटकातील होयसळ राजवटीतले शिल्पी मूर्तीखाली नावे कोरीत, हे खरे. तरीही रुपयाच्या चिन्हापुरते दुसरे उत्तर अधिक पटते, कारण पाटीवर भाव लिहिणारा भाजीवाला ते आपलेच समजून गिरवतो.