दोन वेळचे जेवण

'दोन वेळचे जेवण' हे तीन शब्द मराठवाड्यात एके काळी सुस्थितीचे माप होते. मुलीला स्थळ आले म्हणजे बाप विचारी, त्या घरी दोन वेळची चूल पेटते ना? तेवढे कळले की बाकीची चौकशी आवरती घेतली जाई. आज त्याच लातूर-नांदेडच्या परिसरात हेच शब्द संयमाचे माप म्हणून कानी पडतात. दोनच वेळा जेवा, मधे तोंडात काही टाकू नका, वजन उतरेल, साखर आटोक्यात येईल. एका पिढीच्या आयुष्यात एखाद्या शब्दप्रयोगाने इतकी कूस बदलावी, हे आम्हांला विचार करण्याजोगे वाटते.

या बदलाचा एक धागा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेला आहे. तेथे जनऔषधवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचाराचा आधार घेऊन एक आहारपद्धती मांडली. कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण उरकावे आणि रोज पाऊण तास चालावे, हे तिचे सार. प्रत्येक खाण्यासरशी शरीरात इन्सुलिन स्रवते आणि ते चरबी साठवायला लावते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी कराव्यात, असा त्यामागचा तर्क. व्याख्याने विनामूल्य, त्यामुळे सभागृहे भरून वाहिली. याच सुमारास दर दोन तासांनी थोडे थोडे खावे, असा नेमका उलटा उपदेशही महाराष्ट्रभर ऐकू येत होता. घराघरांत दोन पक्ष पडले आणि जेवणाच्या वेळी वाद रंगू लागले.

आमच्या धर्मग्रामातील एका बाईंनी ही पद्धत मनापासून स्वीकारली. पहाटे गोदावरीच्या घाटापर्यंत चालत जाणे आणि दोनदा जेवणे असा क्रम त्यांनी सात महिने पाळला. सहा किलो वजन उतरले. पुढे त्यातले चार परत आले. यातले काहीच तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते. इस्टरच्या मिस्सानंतर सर्वांचे एकत्र भोजन होते. त्यांच्या हातात लाडू पाहून आम्ही थट्टेने म्हणालो, "बाई, चाळीस दिवसांची वसुली चाललीय वाटतं!" चार माणसे हसली. त्याही हसल्या आणि त्यांनी लाडू ताटात परत ठेवला.

पुढची हकीकत आम्हांला सव्वा वर्षाने कळली. बाईंनी दवाखान्यात जाणे सोडले होते. तेथे आधी वजनकाट्यावर उभे राहावे लागते, आणि काटा जे दाखवील त्याची त्यांना लाज वाटत होती. दरम्यान साखर वाढत गेली आणि पायाचे एक बोट चिघळले. ते वाचले, पण महिनाभर अंथरुणाला खिळावे लागले. आमच्या एका वाक्याने हे सारे घडले असे आम्ही म्हणत नाही. तथापि त्या लाजेत आमचीही भर पडली, हे नाकारणे आम्हांला जमलेले नाही.

तेव्हापासून एक प्रश्न आमची पाठ सोडत नाही. लठ्ठ माणूस दिसला की आपण मनातल्या मनात न्याय देऊन मोकळे होतो: याचे जिभेवर नियंत्रण नाही. इतर कोणत्याही दुखण्याविषयी आपण इतक्या तत्परतेने नैतिक निकाल देत नाही. हा अधिकार आपल्याला कोणी दिला?

खादाडपणा हे सात मुख्य पापांपैकी एक आहे, हे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेले असते. निकालाचे मूळ बहुधा तेथेच असावे. परंतु मूळ शिकवण पाहू गेल्यास ती वेगळीच दिसते. सहाव्या शतकात पोप ग्रेगरी यांनी या पापाचे पाच प्रकार सांगितले: वेळेआधी खाणे, महागाचे मागणे, प्रमाणाबाहेर खाणे, अधाशीपणे खाणे आणि चोखंदळपणाचे स्तोम माजवणे. पाचांपैकी प्रमाणाशी संबंध एकाचाच. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हे आणखी स्पष्ट केले. त्यांच्या मते पाप अन्नात नसून बेशिस्त वासनेत असते. परंपरा सांगते की संत थॉमस स्वतः चांगले स्थूल होते. या हिशेबाने भाजीत मीठ कमी पडले म्हणून ताट सरकवणारा आमच्यासारखा सडपातळ गृहस्थ खादाड ठरतो आणि निमूटपणे शिळी भाकरी खाणाऱ्या त्या बाई ठरत नाहीत. कंबरेचा घेर मोजून अंतःकरण कळते, असे ख्रिस्तसभेने कधी शिकवल्याचे आमच्या वाचनात नाही.

देहाविषयी विज्ञानाने जे शोधले आहे, ते तर आपल्या घाईला अधिकच लाजवणारे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळे जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर होती. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीचे, असे हे मूल. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये छापले. उंची-वजनाच्या गुणोत्तराचा, म्हणजे बी. एम. आय.चा आकडा दोघांचा एकच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हे गुणोत्तर १८३२ मध्ये बेल्जियमच्या केटले यांनी काढले, तेही 'सरासरी माणूस' शोधण्यासाठी. लठ्ठपणाशी त्यांना कर्तव्य नव्हते. अशा उसन्या काट्यावर आपण माणसे तोलतो. भारतीयांसाठी तेवीसच्या पुढे जादा वजन आणि पंचविसाच्या पुढे लठ्ठपणा, तसेच पुरुषाची कंबर नव्वद आणि स्त्रीची ऐंशी सेंटिमीटर, अशा मर्यादा २००९ मध्ये आपल्या तज्ज्ञांनी ठरवल्या होत्या.

आईच्या पोटातील उपासमार मुलाच्या रक्तात पन्नास वर्षांनी उमटते का? हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला. त्या काळात गर्भात असलेल्यांची पन्नाशीच्या सुमारास तपासणी झाली, तेव्हा साखर पचवण्याची त्यांची क्षमता इतरांपेक्षा कमी आढळली. येथे आम्हांला त्या बाई आठवतात. त्यांचा जन्म १९७३ च्या आरंभीचा. बाहत्तरच्या दुष्काळात त्यांची आई पोटात हे मूल घेऊन खडी फोडायला जात होती. सुकडी आणि लाल मिलो यांवर घर चालले होते. त्यांचा मधुमेह त्या दुष्काळातून आला, असे एका माणसाविषयी कोणताही प्रामाणिक डॉक्टर सांगू शकणार नाही. तसे आलेच नसेल, असेही सांगू शकणार नाही.

आता औषधांनी या प्रश्नाला आणखी एक पेच घातला आहे. भूक शमवणारी आठवड्याची सुई २०२५ पासून भारतातही वजनासाठी मिळू लागली. त्यांपैकी सेमाग्लुटाइड या औषधाची चाचणी १,९६१ लोकांवर झाली. अडुसष्ट आठवड्यांत सरासरी पंधरा टक्के वजन घटले आणि सुई थांबल्यावर त्यातले बरेचसे परत आले. एका संप्रेरकाची नक्कल टोचली की वासना शांत होते, हे खरे मानले, तर ज्यांची वासना जन्मतःच शांत आहे त्यांच्या सडपातळपणात सद्गुण किती आणि दैव किती? आम्ही स्वतः आयुष्यभर बारीक राहिलो, त्यासाठी कधी काही सोसल्याचे आठवत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग कोणाचीच जबाबदारी नाही तर! हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. परंतु दोष कोणाचा आणि फेडायचे कोणी, हे दोन प्रश्न निराळे आहेत. बापाने काढलेले कर्ज मुलाचा दोष नसते, तरी सातबारा त्याच्या नावावर झाला की हप्ते त्यालाच भरावे लागतात. मराठवाड्याच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. फरक इतकाच की हप्ता थकला म्हणून त्याला चावडीवर उभे करून हसू नये. शिवाय ते कर्ज वाढवायला आपण सारेच हातभार लावतो. लातुरात पहाटेपासून रात्रीपर्यंत शिकवणीच्या बाकावर बसणाऱ्या मुलांना मैदान कोण देतो?

राहिला दोन वेळच्या जेवणाचा वाद. प्राग येथे मधुमेहाच्या चोपन्न रुग्णांवर झालेल्या चाचणीत तेवढ्याच उष्मांकांचे दोन जेवण, तेही सकाळचे आणि दुपारचे, सहा छोट्या खाण्यांपेक्षा वजनाला अधिक हितकर ठरले. हा निष्कर्ष २०१४ चा. उलट २०२२ मध्ये ग्वांगचौच्या १३९ लठ्ठ व्यक्तींत, उष्मांक सारखेच घटवल्यावर, खाण्याला आठ तासांची मर्यादा घातल्याने विशेष जादा लाभ दिसला नाही. सभागृहातील व्यासपीठावर येतात ते ज्यांचे वजन उतरले ते. ज्यांचे उतरले नाही ते घरी बसतात. चाचणीचे मोठेपण हे की ती घरी बसलेल्यांनाही मोजते. म्हणून लोकांचे अनुभव आदराने ऐकावेत, पण त्यांवरून कोणाच्या इच्छाशक्तीची परीक्षा घेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

यंदा राखेच्या बुधवारी त्या बाई मिस्सानंतर भेटल्या. आम्ही त्यांची क्षमा पूर्वीच मागितली होती. तो विषय त्यांनी फार वाढू दिला नव्हता. उपवासाचे काय ठरले, असे आम्ही विचारले. त्यांना आता साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या आहेत आणि डॉक्टरांनी तीन वेळा खाण्यास बजावले आहे. आजाऱ्यांना उपवासाचे बंधन नाही, हेही धर्मगुरूंनी सांगितले होते.

"सर, वर्षभर दोनदा जेवले तवा काही वाटलं नाही," त्या म्हणाल्या. "आज समद्यांचा उपास, अन् मला तीनदा खायचंय. हे लई अवघड जातंय बघा."

आणि मंदिराच्या पायरीवर बसून त्यांनी पिशवीतला डबा उघडला. अर्धी ज्वारीची भाकरी होती आणि मेथीची भाजी.