रामदासाची कोठडी

गोवळकोंड्याच्या किल्ल्यात आम्ही आठदहा जण मार्गदर्शकामागून हिंडत होतो. फतेह दरवाजाखाली वाजविलेली टाळी वर बालाहिसारापर्यंत ऐकू जाते, ह्याचे कौतुक झाले. मग भद्राचल रामदासाची अंधारी कोठडी आली. भिंतीवरील राम, लक्ष्मण, मारुती त्यानेच कोरले असे सांगतात. सर्वांनी हात जोडले, मीही जोडले. मनातील शंका मात्र गप्प बसेना.

कंचर्ल गोपन्ना हा कुतुबशाहीचा तहसीलदार. सरकारी वसुलातून त्याने भद्राचलमचे राममंदिर उभारले, म्हणून तानाशहाने (१६७२–१६८७) त्यास बंदीत टाकले, अशी परंपरा आहे. आपल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीही बादशाही कोठारे लुटविली; परंतु ती दुष्काळात, भुकेल्यांसाठी. भुकेला थांबता येत नाही, मंदिराला येते. दोन्ही कथांत देवानेच येऊन भरपाई केली, आणि आपण भाविक तेवढ्यावर संतोष मानतो. वास्तविक देवाने रक्कम भरली ह्याचाच अर्थ ती देणे होती, असा नव्हे काय? शिवाय मोहरा पोचल्या त्या तानाशहाकडे. ज्या रयतेच्या घामाचा तो वसूल, तिला कोणी विचारले?

मी मार्गदर्शकास हे बोलून दाखविले. रामाने फेडले ना साहेब, असे म्हणून तो हसला आणि पुढच्या पायऱ्या चढू लागला.