पारशी आणि आपण : एका तुलनेचा नैतिक विचार

गेल्या कोजागरीच्या रात्री दांडिया बाजारातील एका स्नेह्यांच्या गच्चीवर आम्ही आठदहा समवयस्क मंडळी जमलो होतो. दूध झाले, जुन्या आठवणी झाल्या आणि बोलणे नेहमीच्या वळणावर आले. एक गृहस्थ म्हणाले, "पारशीही गुजरातेत बाहेरून आले, आपणही बाहेरूनच आलो. ते राज्य गमावून आले, आपण राज्य मिळवून बसलो. आज ते कुठे आणि आपण कुठे!" त्यावर कोणी मराठी माणसाच्या नोकरीप्रेमाला दोष दिला, कोणी आपल्यातील भाऊबंदकीला. मीही मान डोलावली. घरी परतताना मात्र त्या मान डोलावण्याचे मला वाईट वाटू लागले. त्याचे कारण लेखाच्या शेवटी सांगेन. तूर्त प्रश्न एवढाच की, एका समाजाची सांपत्तिक स्थिती दुसऱ्या समाजाशेजारी मांडून त्यावरून दोघांच्या गुणावगुणांचा निवाडा करणे न्याय्य आहे काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पारशी समाजाने आपल्या आगमनाची हकीकत 'किस्सा-ए-संजान' या १५९९ सालच्या फारसी काव्यात नोंदवून ठेवली आहे. मूळ घटनेनंतर काही शतकांनी ती लिहिली गेली, त्यामुळे तिच्यातील प्रत्येक तपशील इतिहास म्हणून घेता येणार नाही. परंतु आपण कोणत्या नात्याने या भूमीवर आलो, याविषयी त्या समाजाची स्वतःची स्मृती काय आहे, हे तिच्यावरून नीट कळते. संजाणच्या राजाने आश्रय देताना अटी घातल्या : आपला धर्म समजावून सांगावा, येथील भाषा बोलावी, स्त्रियांनी येथील वेष घ्यावा, शस्त्रे खाली ठेवावीत, विवाह सायंकाळी करावेत. अशा अटी मान्य करून राहणाऱ्याला दरबारात जागा नसते. त्याने शेती करावी, माग चालवावा, सुतारकाम करावे, ताडी विकावी, दलाली करावी. पारशांनी हे सर्व केले. पुढे सुरतेस युरोपियनांच्या वखारी आल्या, तेव्हा कोणत्याही दरबाराशी न बांधलेला हा समाज त्यांच्याशी व्यवहार करण्यास मोकळा होता. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस जहाजे बांधण्यासाठी गेले, आणि त्या वाटेने मागोमाग कितीतरी कुटुंबे गेली.

याच सुमारास आपले पूर्वज बडोद्यात स्थिरावत होते. पिलाजीराव गायकवाडांनी सोनगडास ठाणे केले, आणि त्यांच्या पश्चात दमाजीरावांच्या काळात, १७३४ साली, बडोदे गायकवाडांकडे आले ते कायमचे. त्यांच्या मागून सरदार आले, शिलेदार आले, फडणीस, कारकून, पुराणिक, आचारी आले. आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्याची कथा या यादीत कोठेतरी बसते. आपल्या पूर्वजांना कोणीही अटी घातल्या नाहीत. अटी घालणारे ते स्वतःच होते. येणाऱ्या प्रत्येकासाठी येथे एक जागा तयार होती. कोणासाठी पागा, कोणासाठी दप्तर, कोणासाठी देवघर. ज्याला दरमहा वेतन आहे आणि इनामाचे उत्पन्न आहे, त्याने ते सोडून मुंबईच्या गोदीवर नशीब काढावयास जावे, ही अपेक्षा आज करणे सोपे आहे. त्या काळी त्याला कोणी शहाणा म्हटले नसते.

नवसारीचे उदाहरण मला या बाबतीत बोलके वाटते. ते गाव गायकवाडांच्या मुलखात होते. तेथील एका पुरोहित घराण्यात १८३९ साली जमशेटजी टाटा जन्मले. म्हणजे जन्माने ते बडोदे राज्याचे प्रजाजन, आणि आपले पूर्वज त्याच राज्याचे अधिकारी. त्या राज्यात प्रजाजनाला वर चढण्याच्या पायऱ्या थोड्या, म्हणून तो बाहेर पडला. अधिकाऱ्याला खाली उतरण्याचे भय मोठे, म्हणून तो जागचा हलला नाही. १९४९ च्या मे महिन्यात संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, पुढील काही वर्षांत इनामे गेली, १९६० नंतर राज्यकारभाराची भाषा गुजराती झाली. तोवर दुसरा समाज शंभरदीडशे वर्षे व्यापारात मुरलेला होता. आपण पुन्हा नोकरीच शोधली. ती रिफायनरीत, खतकारखान्यात, विद्यापीठात, सचिवालयात मिळालीही. मला मिळाली ती त्यांतलीच एक.

यावर कोणी म्हणेल की, हे सारे परिस्थितीवर ढकलणे झाले, शेवटी रक्तातच काहीतरी असते. त्याचे उत्तर इराणी चहावाल्याने देऊन ठेवले आहे. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी यज्द आणि केरमान या भागांतून जरथुष्ट्री कुटुंबे हिंदुस्थानात आली. पारशांचा जो धर्म तोच त्यांचा, पारशांचे जे मूळ स्थान तेच त्यांचे. परंतु ती आली तेव्हा मुंबई वसून झाली होती, गिरण्या आणि गोद्या इतरांच्या हाती होत्या. त्यांच्या वाट्याला आली ती चौकातील कोपऱ्यावरची दुकाने, संगमरवरी टेबले, ब्रून मस्का आणि पहाटे चारला उठणे. रक्त एक, ग्रंथ एक, परंतु पोहोचण्याची वेळ निराळी, म्हणून फळही निराळे.

असाच अनुभव दूरदेशीही येतो. माझी मुलगी मेलबर्नला असते. तिच्याकडे गेलो असता तेथील एका सुशिक्षित मराठी गृहस्थांनी मला मोठ्या अधिकाराने सांगितले की, इराणी लोक बुद्धीने तल्लख, पाहावे तो डॉक्टर नाही तर इंजिनियर. माल्टाचे लोक मात्र दोन पिढ्या होऊनही कारखान्यातच. चौकशी केली तेव्हा कळले ते असे. माल्टाशी ऑस्ट्रेलियाने १९४८ साली करार केला तो प्रवासखर्चाला साहाय्य देऊन कष्टकरी माणसे आणण्यासाठी. त्याही आधी, १९१६ साली, 'गांज' नावाच्या जहाजातून आलेल्या २१४ माल्टावासीयांना डच भाषेत श्रुतलेखन घालून नापास करण्यात आले होते, कारण त्यांना किनाऱ्यावर उतरू द्यावयाचे नव्हते. इराणी मोठ्या संख्येने आले ते १९७९ च्या क्रांतीनंतर, आणि त्यांत शिकलेल्या शहरी वर्गाचा भरणा पुष्कळ होता. एकाला हात पाहून घेतले, दुसऱ्याची पदवी आधीच त्याच्या पेटीत होती. चाळणीने जे वेगळे केले, ते धान्याचा स्वभाव म्हणून सांगितले जात होते.

तर मग समाजाला श्रेय आणि दोष काहीच नाही काय? तसे म्हणणे मला मान्य नाही. तसे मानले तर माणूस परिस्थितीच्या हातातील बाहुले ठरेल. कोणत्या दाराने आत यावयाचे हे आपल्या हाती नसते, पण आत आल्यावर काय करावयाचे हे पुष्कळसे असते. पारशी समाजाने मुलींना लवकर शाळेत घातले आणि मिळवलेल्या पैशातून रुग्णालये, शाळा, धर्मशाळा उभारल्या, ही त्याची करणी. आणि मराठी माणसाला उद्योग जमत नाही हेही खरे नाही. बडोद्याच्या अलेंबिक कारखान्याचा पाया १९०७ साली प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर आणि त्यांचे शिष्य अमीन व कोटीभास्कर यांनी घातला. त्या तीन नावांतले शेवटचे नाव आपण गच्चीवरच्या गप्पांत का विसरतो, याचा विचार करावा. आपल्याविषयीचा वाईट समजही एकदा आवडू लागला की माणूस त्याच्याविरुद्धचा पुरावा नजरेआड करतो. "आपल्यात ते नाहीच" असे म्हटले की काही न करण्याची सोय होते.

आता मापाचा विचार. संपत्तीच्या तक्त्यात दोन रकाने नसतात. पहिला म्हणजे ती कोठून आली हा. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या दानशूरतेविषयी आपण आदराने बोलतो; त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग चीनच्या व्यापारातून, कापसाबरोबर अफूतूनही, आला होता. आपल्या इनामांचा झरा कोठे होता? काठेवाडात दरसाल फौज नेऊन खंडणी वसूल करण्याला मुलूखगिरी म्हणत. तेथील खेडुताने तिला काय म्हटले असेल, ते आपल्या बखरीत सापडत नाही. दुसरा रकाना म्हणजे संपत्ती गेली कोठे हा. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्या शाळांत शिकलेली बहुसंख्य मुले गुजराती बोलणारी होती. मराठी राजाने केलेले हे काम मराठी समाजाच्या खात्यावर एका पैशानेही जमा होत नाही, कारण तक्ता राखून ठेवलेले मोजतो, देऊन टाकलेले मोजत नाही. शिवाय संपन्नतेतच समाजाचे सारे हित सामावलेले असते, असेही नाही. २०११ च्या जनगणनेत भारतातील पारशांची संख्या ५७,२६४ होती; १९४१ साली ती एक लाख चौदा हजारांहून अधिक होती.

परंतु या दोन समाजांची खरी तुलना ज्या ठिकाणी व्हावी असे मला वाटते, ते ठिकाण आपल्या शहरातच आहे, आणि तेथे दोघेही सारखेच नापास झाले.

१९१३ साली बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार दरबारची नोकरी करण्यासाठी ते १९१७ साली बडोद्यास आले. परदेशी विद्यापीठात शिकून आलेल्या या मराठी तरुणाला या शहरात राहावयास जागा मिळेना. हिंदू खाणावळीत जात सांगावी लागेल, म्हणून ते एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव घेऊन उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहाबारा पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास सांगून गेले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती परिचितानेही घरात घेण्यास असमर्थता दाखविली. मुंबईची गाडी येईपर्यंतचा वेळ त्यांनी सार्वजनिक बागेत बसून काढला. ही सर्व हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. सयाजीबागेतील त्या जागी २३ सप्टेंबरला आजही लोक जमतात.

काठ्या पारशांच्या हाती होत्या, हे खरे. पण त्या तरुणाला पारशी आश्रमात खोट्या नावाने का उतरावे लागले? कारण ज्यांच्या आडनावांवर आपण अभिमान बाळगतो, त्या वाड्यांची दारे त्याला बंद होती. आपल्या भाषेचा, राजाने पारखून पाठविलेला माणूस, आणि "मराठी समाज" या शब्दात त्याची गणना त्या दिवशी कोणी केली नाही. आज मात्र "आपण किती पुढे गेलो" हे मोजताना त्यांचे नाव आपण पहिल्या ओळीत घालतो. आश्रयाच्या अटी ज्याच्या स्मृतीत कोरलेल्या आहेत असा एक समाज, आणि स्वतः राज्य करणारा दुसरा; आश्रय मागणारा समोर आला तेव्हा दोघांचे उत्तर एकच होते. तिसऱ्या माणसाला जागा देण्याची वेळ आली तेव्हा काय केले, हा प्रश्न कोणत्याही सांपत्तिक तक्त्यात नसतो. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आता आरंभी राखून ठेवलेली गोष्ट. तीसएक वर्षांपूर्वी माझ्याकडे लघुउद्योगांसाठी आलेल्या कर्जाच्या अर्जांची छाननी होती. वाडी भागातील एका मराठी तरुणाने यंत्राचे सुटे भाग बनविण्यासाठी अर्ज केला होता. कागद नीट होते, काम त्याला येत होते. मी शेऱ्यात लिहिले, "अर्जदाराचे कुटुंब पिढीजात नोकरदार, व्यवसायाची पार्श्वभूमी नाही." अर्ज नामंजूर झाला. त्या शेऱ्यात त्या मुलाविषयी एक अक्षरही नव्हते. ते सगळे आपल्याविषयी होते, गच्चीवर आम्ही जे बोललो तेच. एका समाजाची सरासरी घेऊन मी ती एका माणसाच्या कपाळी लावली, आणि मी स्वतः त्याच समाजाचा असल्यामुळे हा पक्षपात असेल अशी शंकाही मला आली नाही. पुढे त्याने एका कारखान्यात नोकरी धरली. मराठी माणूस नोकरीच करतो, या विधानाला आणखी एक पुरावा मिळाला. तो पुरावा मी तयार केला होता. ते सद्गृहस्थ आजही मला रावपुऱ्यात भेटतात, "साहेब, प्रकृती कशी आहे?" म्हणून विचारतात. तो शेरा कोणाचा हे त्यांना माहीत नाही. हा अंक त्यांच्याकडे जातो.

समाजांची तुलना करूच नये, असे माझे म्हणणे नाही. कोणाला कोणते दार मिळाले आणि कोणाला कोणतेच मिळाले नाही, हे तुलनेवाचून कळणार नाही. त्यासाठी ती जरूर करावी. पण तिच्यावरून माणसाचा निवाडा करू नये. ना पारशाचा, ना माल्टाच्या कामगाराचा, ना आपल्या घरातल्या मुलाचा. पुढल्या कोजागरीस तोच विषय निघेल हे मी जाणतो. त्या वेळी मान डोलावण्याआधी मी एकच विचारीन : आपण अर्जदाराविषयी बोलतो आहोत, की त्याच्या आडनावाविषयी?