आधी खर्चाचा हिशेब



बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशू आजच्या शुभवर्तमानात (लूक १४:२५-३३) सांगतो.

अमेरिकेत बेल्जियन मॅलिनॉइस कुत्र्यांबाबत हा हिशेब अनेकांचा चुकतो. मूळची ही मेंढ्या राखणारी जात. आज ती पोलीस व लष्करात काम करते. २०१९ साली बगदादीविरुद्धच्या कारवाईत गाजलेला ‘कोनन’ याच जातीचा. असे पिल्लू लोक हौसेने घरी आणतात. पण दिवसभर काम मागणारा हा प्राणी बंद घरात बेचैन होतो, सामान फाडतो, प्रसंगी चावतो. मग मालक त्याला सोडतात. या जातीला आसरा देणाऱ्या संस्था भरून गेल्या आहेत, कारण त्याला पेलणारे दुसरे घर सहज मिळत नाही.

दोष कुत्र्याचा नाही. कामाची ही ओढ माणसानेच पिढ्यानपिढ्या त्याच्यात जोपासली.

प्रेम म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. आपण मुक्या जीवाला, आणि माणसालाही, त्याच्या भल्यासाठी स्वीकारतो की आपल्या हौसेसाठी? अर्धवट बुरुजाला लोक हसतात. अर्ध्यावर टाकलेला जीव मात्र भोगतो.

स्वीकारण्यापूर्वी विचार करण्याची व स्वीकारल्यावर शेवटपर्यंत निभावण्याची कृपा प्रभू आपणांस देवो.